पावली ओळखणारा कॅमेरा

आषाढीसाठी त्र्यंबकेश्वराहून निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी अहिल्यानगर ओलांडून मिरजगावात येते आणि पुढे कर्जतमार्गे पंढरपूरची वाट धरते. समजा, मिरजगावात रस्त्याकडेच्या गच्चीवर कॅमेरा लावला आणि संगणकाला विचारले : या दिंडीत नुसते चालतेय कोण आणि तालावर पुढे-मागे पावले टाकत पावली खेळतेय कोण? तो उत्तर कसे काढेल?

त्याला माणूस दिसत नाही, आकडे मिळतात. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचा रंग तीन आकड्यांत मांडलेला असतो आणि अशी २५-३० चित्रे दर सेकंदाला येतात.

पहिले काम माणूस शोधून त्याच्याभोवती चौकट आखण्याचे. दुसरे, सांधे शोधण्याचे. प्रचलित पद्धतीत १७ खुणा असतात : नाक, दोन डोळे, दोन कान आणि दोन्ही बाजूंचे खांदे, कोपरे, मनगटे, कंबर, गुडघे, घोटे. चित्रातल्या कोणत्या जागी गुडघा असण्याची शक्यता किती, हे संगणक मोजतो आणि सर्वाधिक शक्यतेची जागा निवडतो. एवढ्या खुणा पुरतात का? स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखवले, की अंधारात केवळ सांध्यांवरचे दहा-बारा प्रकाशबिंदू हलताना दिसले, तरी माणूस चालतोय हे बघणारा लगेच ओळखतो.

दाटीत मात्र कोणते मनगट कोणत्या कोपराचे, हा पेच पडतो. २०१७ च्या ‘ओपनपोझ’ या पद्धतीत संगणक सांध्यापासून सांध्याकडे जाणारी दिशाही शिकतो आणि तिच्या आधारे हातपाय जुळवतो.

तिसरे काम माग काढण्याचे. मृदंगवाला क्षणभर पताकेआड गेला, तर आधीच्या वेगावरून तो कुठे निघेल याचा अंदाज बांधला जातो. यासाठी अभियंता काल्मन यांचे १९६० मधले गणित आजही वापरतात.

शेवटी अर्थ. चालणाऱ्याची कंबर सतत पुढे सरकते. पावलीत ती पुढे जाते, मागे येते आणि घोटे तालावर उचलले जातात. या क्रमावरून संगणक दोन्हींत फरक करतो.

पण हा सगळा अंदाज शिकवणीतल्या चित्रांवर उभा आहे. धोतराच्या घोळात, नऊवारीच्या निऱ्यांत गुडघा झाकला जातो. डोक्यावरच्या तुळशीवृंदावनाला धरलेला हात चेहरा झाकतो. अशी चित्रे संगणकाने पाहिलीच नसतील, तर तो चुकणार. म्हणून वारीच्या गर्दीसाठी अशी यंत्रणा उभारणाऱ्यांनी तिला आधी वारकरी दाखवावेत, त्यांच्या संमतीने, त्यांच्याच वेशात, त्यांच्याच चालीत.