सुगीचे दिवस

'सुगी' हा शब्द मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. माघ-फाल्गुनात ज्वारी काढायची, कणसे खळ्यावर आणायची, मळणी-उफणणी उरकायची, ते दिवस सुगीचे. आता मळणीयंत्र आले, तरी हवेत उडणारा भुसा आणि त्यापाठोपाठ घरोघरी ऐकू येणाऱ्या शिंका त्याच आहेत. योगायोग असा, की जपानी भाषेतही 'सुगी' हा शब्द आहे आणि तोही नेमका याच दिवसांत प्रत्येकाच्या तोंडी असतो. तिथे ते एका झाडाचे नाव आहे. उंच, सरळसोट, देवदारासारखे दिसणारे झाड. दार्जिलिंगला गेलेल्यांनी ते 'धूपी' या नावाने पाहिलेले असते. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत हे झाड आपले पराग वाऱ्यावर सोडते आणि सारा देश शिंकू लागतो.

मी तेरखेड्याचा. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यात, सोलापूर-धुळे महामार्गावर आमचे गाव आहे. गेली चौदा वर्षे नोकरीनिमित्त टोकियोच्या एदोगावा विभागात राहतो. तिथल्या निशिकासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे, मराठी घरेही बरीच आहेत. गुढीपाडवा आमच्याकडे ऐन परागांच्या दिवसांत येतो. गुढी उभारायला खिडकी उघडावी की बंद ठेवावी, यावर घरात चर्चा होते. परदेशी राहून या दुखण्याला तोंड कसे द्यायचे हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. पण दुखण्याचा माग काढता काढता मी पुन्हा गावाच्या वेशीपाशी येऊन पोचलो, तेही सांगायला हवे.

मराठीत या विकाराला 'परागज्वर' म्हणतात. इंग्रजीतल्या 'हे फीव्हर'वरून हा शब्द आला. खरे तर त्यात ताप नसतो आणि त्याला वाळलेले गवतही कारण नसते. लंडनच्या जॉन बॉस्टॉक या डॉक्टरने १८१९ मध्ये स्वतःच्याच दुखण्याचे वर्णन वैद्यकीय सभेपुढे वाचले, तेव्हा कारण कोणालाच उमगले नव्हते. चार्ल्स ब्लॅकली या दुसऱ्या इंग्रज डॉक्टरने स्वतःच्या नाकावर प्रयोग करून १८७३ मध्ये पुस्तक लिहिले आणि दोष परागांचा आहे हे दाखवून दिले. जपानी शब्द जास्त नेमका आहे : 'काफुनशो'. 'का' म्हणजे फूल, 'फुन' म्हणजे पूड, 'शो' म्हणजे विकार.

शरीरात घडते ते असे. पराग मुळात निरुपद्रवी असतो. पण काहींचे शरीर त्याला शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध 'आयजीई' नावाचे प्रतिद्रव्य तयार करते. ते नाकाच्या, डोळ्यांच्या अस्तरातल्या विशिष्ट पेशींना चिकटून बसते. पुढच्या वेळी तोच पराग आला, की या पेशी हिस्टामिन आणि तत्सम रसायने सोडतात. मग शिंका, नाकातून पाणी, नाक चोंदणे, डोळे चुरचुरणे. या तयारीला वेळ लागतो. म्हणून जपानात नव्याने आलेला माणूस पहिले एक-दोन वसंत मजेत काढतो आणि हा त्रास आपल्याला नाहीच असे समजतो. मला चौथ्या वसंतात गाठले.

हे आयजीई १९६६ मध्ये शोधले ते किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने, अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये. जवळपास त्याच सुमारास स्वीडनच्या शास्त्रज्ञांनीही ते स्वतंत्रपणे शोधले. इशिझाकांनी ज्या रुग्णांचे रक्त वापरले त्यांना 'रॅगवीड' या अमेरिकी तणाचे वावडे होते. या तणाचा जवळचा भाऊबंद आपल्या ओळखीचा आहे : गाजर गवत, ऊर्फ काँग्रेस गवत. भारतात त्याची नोंद १९५०च्या दशकात पुण्यात झाली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आले असे मानतात. आज मराठवाड्यात पडीक रान आणि रस्त्याची कड त्याच्यावाचून दिसत नाही. नाक आणि कातडी दोन्हींना ते छळते. भुकेच्या दिवसांत धान्य आले आणि त्याच्या आडून तण आले, अशी ही गोष्ट.

सुगीची गोष्ट वेगळी नाही. दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर जपानचे डोंगर लाकडासाठी बोडके झाले. पूर येऊ लागले, घरे बांधायला लाकूड मिळेना. तेव्हा सरकारने भराभर वाढणाऱ्या सुगीची लागवड देशभर करवली. आज ही लागवड सुमारे ४४ लाख हेक्टर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण सातव्या हिश्शाएवढी. झाडे वयात येईपर्यंत परदेशी लाकडाची आयात खुली झाली, ते स्वस्त पडू लागले आणि देशी लाकडाला भाव उरला नाही. जंगले तशीच उभी राहिली, आणि तिशी गाठलेले सुगीचे झाड भरभरून पराग सोडते. निक्को या गावातून सुगीच्या परागज्वराची पहिली शास्त्रीय नोंद १९६४ मध्ये झाली. कान-नाक-घसा तज्ज्ञ व त्यांच्या कुटुंबीयांच्या देशव्यापी पाहणीत सुगीचा त्रास असणारे १९९८ मध्ये १६.२ टक्के होते, २०१९ मध्ये ३८.८ टक्के.

पण पराग तर जंगलातही असतात, मग शहरी माणूस जास्त का शिंकतो? याचे एक उत्तर निक्कोनेच दिले. तिथे सतराव्या शतकात लावलेल्या सुगीच्या रांगांमधून रस्ता जातो. १९८०च्या दशकातल्या पाहणीत असे दिसले, की दाट जंगलाजवळ राहणाऱ्यांपेक्षा या वर्दळीच्या रस्त्यालगत राहणाऱ्यांत त्रासाचे प्रमाण अधिक आहे. त्याच दशकात जपानी संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले, की डिझेलच्या धुरातले कण सोबत असले तर परागाविरुद्धचे आयजीई जास्त तयार होते. म्हणजे फुलांची पूड आणि धूर एकमेकांना साथ देतात. त्यात मार्च ते मे या काळात गोबी आणि तक्लामाकान वाळवंटांतली पिवळी धूळही वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून येते. तिला तिथे 'कोसा' म्हणतात.

आता उपायांकडे वळू. मी डॉक्टर नाही. औषध कोणते आणि किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. पण चौदा वर्षांत ज्या गोष्टी उपयोगी पडल्या आणि ज्यांना वैद्यकाचा आधार आहे, तेवढ्या सांगतो.

पहिली गोष्ट वेळेची. हा पाहुणा तारीख सांगून येतो. जपानात डॉक्टर पराग उडायच्या सुमारासच, त्रास अगदी थोडा असतानाच औषध सुरू करतात. झोप न आणणाऱ्या नव्या गोळ्या आणि नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा ही मुख्य औषधे. हा फवारा रोज, नियमाने घ्यायचा असतो. शिंक आली की मारायचा नव्हे. 'स्टेरॉइड' या शब्दाला आपल्याकडे लोक घाबरतात, पण फवाऱ्यातले औषध अगदी थोडे आणि मुख्यतः नाकापुरते काम करणारे असते.

दुसरी गोष्ट कणाच्या आकाराची. सुगीचा पराग साधारण ३० ते ४० मायक्रोमीटरचा असतो, तर ज्याला पीएम २.५ म्हणतात ते धुराचे कण अडीच मायक्रोमीटरहून लहान. साधा, नाकावर नीट बसलेला मास्क पराग बराचसा अडवतो. बारीक धुरासाठी मात्र एन-९५ सारखा घट्ट मास्क लागतो. परागांविरुद्ध चष्मा, लोकरीऐवजी गुळगुळीत कापडाचा कोट, दारातच कपडे झटकणे, घरी आल्यावर तोंड धुणे, कपडे बाहेर वाळत न घालणे, ही साधी कामे खरोखर उपयोगी पडतात. पाऊस उघडल्यानंतरच्या उबदार, वाऱ्याच्या दिवशी पराग सर्वाधिक उडतात. जपानात हवामानाच्या बातम्यांतच परागांचा अंदाज सांगतात.

तिसरी गोष्ट घरगुती उपायांची. आई फोनवर ओव्याची पुरचुंडी आणि वाफ सुचवते. वाफेने चोंदलेले नाक घटकाभर मोकळे वाटते, पण वावडे जात नाही, आणि लहान मुलांना भाजण्याची भीती असते. मिठाच्या पाण्याने नाक धुणे, म्हणजे आपली जलनेती, हा त्याहून चांगला उपाय आहे. पाणी मात्र उकळून गार केलेलेच हवे.

चौथी गोष्ट लांब पल्ल्याची. जिभेखाली ठेवायचे सुगीचे औषध जपानात २०१४ पासून विम्यातून मिळते, त्याच्या गोळ्या २०१८ पासून. परागाचाच अंश रोज थोडा थोडा देऊन शरीराला त्याची ओळख करून द्यायची, असे हे तीन ते पाच वर्षांचे काम. ते पराग उडत असताना सुरू करत नाहीत, मोसम संपल्यावर करतात.

शेवटची गोष्ट छातीची. रात्री खोकल्याने जाग येणे, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज, बोलताना धाप लागणे हा परागज्वर नव्हे. तो दमा असू शकतो, आणि त्यासाठी वाट पाहायची नसते. परक्या मुलखात हे सांगायला शब्द हवेत. 'हानामिझु' म्हणजे वाहते नाक, 'हानाझुमारी' म्हणजे चोंदलेले नाक, 'झेन्सोकु' म्हणजे दमा. हे तीन शब्द नव्याने येणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला मी कागदावर लिहून देतो.

इतके झाले तरी एक प्रश्न उरतोच : ही झाडे तोडून का टाकत नाहीत? मीही हे एका जपानी सहकाऱ्याला विचारले होते. त्याने उलट विचारले, की तोडलेले लाकूड घेणार कोण, आणि डोंगरातल्या गावांनी खायचे काय? २०२३ मध्ये जपान सरकारने परागज्वर हा राष्ट्रीय प्रश्न मानून आराखडा केला. दहा वर्षांत पराग सोडणारी सुगीची लागवड दोन दशांशाने कमी करायची, नवी रोपे कमी परागाची लावायची, सुगीचे लाकूड घरबांधणीत वापरायचे आणि तीस वर्षांत पराग निम्म्यावर आणायचे. तीस वर्षे! माझ्या नाकाला त्याचा फायदा होईपर्यंत मी म्हातारा झालेला असेन. पण पोटाचा प्रश्न गुंतला की हवा अशीच सावकाश सुधारते.

हे मला पटले, कारण मी तेरखेड्याचा आहे. आमचे गाव 'महाराष्ट्राची शिवकाशी' म्हणून ओळखले जाते. सोरा, गंधक आणि कोळसा यांची शोभेची दारू आमच्या भागात कितीतरी घरांची चूल पेटवते. कोरडवाहू रानात पावसाने दगा दिला तरी फटाक्यांच्या कामाची मजुरी हाती येते. आमची खरी सुगी ज्वारीची नाही, दिवाळीची. माझ्या शिक्षणाच्या खर्चात चुलतीने फटाके वळून मिळवलेले पैसे होते. याच कामात स्फोट होतात आणि माणसे जातात, हेही गावाने पाहिले आहे. आज त्याच चुलतीच्या नातीला दमा आहे. दिवाळीच्या थंड, निवांत रात्री धूर जमिनीलगत साचतो आणि त्या मुलीला खिडक्या लावून आतल्या खोलीत बसवावे लागते. घर तेच, कमाई तीच, आणि धूरही तोच.

सर्वोच्च न्यायालयात फटाक्यांविरुद्धचा अर्ज २०१५ मध्ये दिल्लीतल्या तीन तान्ह्या मुलांच्या नावाने दाखल झाला होता. ऑक्टोबर २०१८ च्या निकालात न्यायालयाने सरसकट बंदी घातली नाही. दिवाळीला रात्री आठ ते दहा ही वेळ, बेरियमच्या क्षारांना मनाई आणि कमी धुराचे 'हरित' फटाके, असा मार्ग काढला. हे फटाके विकसित करणारी 'नीरी' ही संस्था नागपूरची, आणि स्फोटकांचे परवाने देणाऱ्या 'पेसो'चे मुख्यालयही नागपूरलाच. हरित फटाक्यांतून धुराचे कण सुमारे ३० टक्के कमी निघतात असे सांगितले जाते. म्हणजे ७० टक्के उरतातच. दम्याच्या मुलीसाठी हे पुरेसे नाही. पण एका हुकमाने कारखाने बंद केले, तर तिच्या आजीच्या हाताला दुसरे काम काय, याचे उत्तरही द्यावे लागेल. जपानने सुगीच्या लाकडाला गिऱ्हाईक शोधायला घेतले, तसे तेरखेड्याच्या हातांना दुसरे काम शोधायला हवे. ते होईपर्यंत नवी कृती लहान कारखान्यांपर्यंत पोचवणे आणि कामगारांच्या छातीची वर्षातून एकदा तपासणी करणे, एवढे तर आजही शक्य आहे.

हवा बदलायला वर्षे लागतात. तोवर ज्याच्या घरात दमा किंवा वावडे आहे त्याला वेळापत्रक सांभाळावे लागते. दिवाळीच्या सुमारास पुढच्या वर्षाची दिनदर्शिका घरात येते. तिच्यावर सणवार छापलेले असतातच. त्यांच्या शेजारी पेन्सिलीने आपल्या घरातल्या श्वासाच्या तारखा लिहाव्यात : मळणी कधी, गाजर गवत कधी फुलते, फटाके कधी, मागच्या वर्षी खोकला कोणत्या आठवड्यात सुरू झाला. त्या तारखेच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरांकडे जावे. चुलतभावाला मी हेच कळवले आहे. त्याने या वेळी धनत्रयोदशीच्या दोन आठवडे आधीच्या चौकोनात मुलीचे नाव लिहिले आहे.