मिरगाआधी एकदा माळ्यावर चढा

कुरुंदवाड : रोहिण्या निघाल्या की आपल्याकडं बियाणं, खत, ऊसभरणी यातच माणूस गुंतून जातो. घराचं छप्पर आठवतं ते पहिल्या वळवात डोक्यावर थेंब पडल्यावर. माळा तर कुणाच्या ध्यानातच नसतो. आणि आपल्या शिरोळ तालुक्यात पूर आला की पहिली धाव माळ्यावरच असते. 2005, 2019, 2021 असे तीन महापूर आपण बघितले. पंचगंगा वाडीत कृष्णेला मिळते आणि तिथनंच पाणी आपल्या गल्लीत शिरतं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा आणि 43 फूट धोका, हे आकडे आता पोरासोरांनाही पाठ आहेत. पण ज्या तुळईवर आपण दहा पोती चढवणार, ती तुळई आतनं कशी आहे हे घरच्या कर्त्यालाही सांगता येत नाही.

माझं स्वतःचं सांगतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये घाईघाईत जोंधळ्याची पोती, पेटी, भांडी सगळं माळ्यावर टाकलं. शेवटचं पोतं ठेवताना तुळई करकरली. तेव्हा वेळच नव्हता, तसंच घर सोडलं. पूर ओसरल्यावर त्या तुळईच्या भिंतीतल्या टोकाला स्क्रू ड्रायव्हर लावला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. वरनं लाकूड चांगलं तेलकट काळं दिसत होतं, आत वाळवीनं नुसती माती भरून ठेवलेली. नशीब म्हणायचं की त्या रात्री माळ्यावर माणसं नव्हती.

म्हणून तपासणी तुळईच्या टोकापासनं सुरू करायची. लाकूड भिंतीत जिथं शिरतं तिथं ओल धरते, हवा लागत नाही, वाळवी तिथनंच येते. भिंतीवरनं वर चढलेल्या मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर समजायचं. हातोडीच्या दांड्यानं ठोकून बघा, भरीव लाकूड टणक वाजतं, खाल्लेलं भद्द वाजतं. तुळईखाली पिठासारखी बारीक पूड पडत असेल तर ते भुंग्याचं काम. पूर्वी चुलीचा धूर रोज वर जायचा, लाकडावर काजळी धरायची, त्यानं किडे कमी लागायचे. आता गॅस आला, बायकांच्या डोळ्यांचं भलं झालं, पण लाकडाचं ते औषध गेलं. त्याच्या जागी औषध फवारणं किंवा तेल चोळणं आपल्यालाच करावं लागतं.

माळ्यावर सकाळी चढा, दुपारी पत्र्याखाली भट्टी असते. शिडीला खाली एक माणूस धरायला ठेवा आणि हातात काठी ठेवा, अडगळीत विंचू, गांधीलमाशी, क्वचित सापही असतो. वर गेल्यावर बॅटरी विझवा. कौलांच्या सांध्यातनं बारीक उजेड येणारच. पण रुपयाएवढा कवडसा दिसला तर तिथं कौल फुटलंय किंवा सरकलंय. मग बॅटरी लावून वासे बघा. पाण्याचे तपकिरी ओघळ दिसतील. पाणी शिरतं एकीकडं, वाशावरनं घरंगळत जातं आणि ठिबकतं भलतीकडं, म्हणून ओघळ धरून वर वर बघत जायचं.

सिमेंटच्या पत्र्यावर मात्र कुणी चढू नये. वरनं दणकट दिसतो, पण जुना झाला की पापडासारखा मोडतो आणि माणूस थेट खालच्या फरशीवर येतो. चढायलाच लागलं तर आडवी फळी टाकून, पाय फक्त खालच्या लोखंडी पाइपच्या रेषेवर, म्हणजे बोल्टच्या ओळीवर. फुटलेला पत्रा कोरडा कापू नका, त्याची पूड फुफ्फुसाला वाईट असते.

आता हवेचं. कौलारू घर आपोआप श्वास घेतं. कौलांच्या फटीतनं गरम हवा निघून जाते. त्यावर आपण पत्रा घातला, खालनं पीओपी नाहीतर प्लॅस्टिकची शीट मारली, आणि मधली हवा कोंडून टाकली. उन्हाळ्यात ती रात्री बारापर्यंत तापलेली असते. थंडीत उलट. पहाटे पत्रा गार पडतो, घरातली दमट हवा त्याला लागून आतनं थेंब धरते, आणि लोक म्हणतात पत्रा गळतोय. बोल्टला डांबर लावून ते थांबत नाही. कडेच्या दोन्ही तिकोनी भिंतीत वर समोरासमोर एकेक झरोका ठेवा, बारीक जाळी मारून, म्हणजे उंदीर-वटवाघळं येणार नाहीत. गरम हवा वरनं जाते, खिडकीतनं गार हवा खालनं येते. यापुढं कितीही महाग शीट आणा, झरोक्याशिवाय तिचा निम्मा उपयोग.

जुन्या वाड्यांत तक्तपोशी असायची, तिच्या आणि कौलांच्या मधली मोकळी जागाच ऊन अडवायची. ज्यांच्याकडं तक्तपोशी शाबूत आहे त्यांनी ती काढू नये. पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात मारला तरी फरक पडतो आणि खर्च फार नाही. पाचट किंवा कडबा टाकायची सवय काही जणांना आहे. गारवा येतो हे खरं, पण एक ठिणगी पुरते, आणि भिजलेलं पाचट पत्रा गंजवतं.

वायरिंगकडं बघताना आधी मेन स्विच बंद. उंदरानं कुरतडलेली वायर आणि नुसत्या चिकटपट्टीचे जोड माळ्यावर हमखास सापडतात. शेजारी जुनी पोती, वह्या, लाकूड, सगळं पेटणारं. यात स्वतः हात घालू नका, वायरमन बोलवा.

खाली उतरल्यावर भिंती. शेत क्षारपड कशानं होतं ते आपल्याला कुणी सांगायला नको. पाणी खालनं वर चढतं, उडून जातं आणि मीठ वर राहतं. भिंतीचा लोणाही असाच. पुराचं पाणी पिऊन बसलेल्या मातीच्या भिंतीला वरनं सिमेंट गिलावा केला की ओल बाहेर पडायची वाट बंद होते, ती आणखी वर चढते, थेट तुळईच्या टोकापर्यंत. पुरानंतर दिवाळीच्या गडबडीत रंगवलेली भिंत पुढच्या उन्हाळ्यात पापुद्रे टाकते ती याचमुळं. मातीच्या भिंतीला माती किंवा चुन्याचाच गिलावा. आणि पूर ओसरताना जपा. पाणी असेपर्यंत बाहेरनं भिंतीला टेकू असतो, पाणी गेलं की भिजलेली भिंत एकटी उभी राहते. बऱ्याच भिंती पुरात नाही, पुरानंतर चार-आठ दिवसांत बसतात. भेग दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहा. पंधरा दिवसांनी खुणेच्या पुढं सरकली असेल तर त्या खोलीत झोपू नका, गवंड्याला दाखवा.

माळ्यावर वजन ठेवायचंच झालं तर मध्यभागी नको, भिंतीलगत ठेवा. 50 किलोची दहा पोती म्हणजे 500 किलो, वर पाच माणसं बसली की आणखी 300 किलो. तुळईची ताकद मधेच सगळ्यात कमी. खताची पोती तर वर नकोतच, युरिया ओल ओढतो आणि खिळे-पट्ट्या खातो.

हे सगळं बघत असताना मोबाईलवर प्रत्येक खोलीचे, माळ्याचे, चारी भिंतींचे फोटो काढून ठेवा आणि बाहेरगावच्या नातेवाइकाला पाठवा. पंचनाम्याच्या वेळी आधी घर कसं होतं हे दाखवायला दुसरं काही हातात नसतं. मिरग 7-8 जूनला निघतो. शाकारणी करणारी माणसं आता गावात हाताच्या बोटावर मोजण्याइतकी राहिलीत, त्यांना आजच सांगून ठेवा, आणि पाच-पन्नास जुनी कौलं परड्यात रचून ठेवा. तुमच्या मापाचं कौल ऐन पावसात मिळत नाही.