छबिना बघायला चला, पण परतीचं आधी ठरवा

मैत्रिणींनो, चैत्र लागला की गावोगावच्या जत्रा सुरू होतात. दिवसा नैवेद्य, रात्री पालखीचा छबिना, मग तमाशा. बैठकीत हा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "बायकांनी नैवेद्य दाखवून घरी यावं, रात्रीची भानगड नको." मला हे पटत नाही. बायका घरी बसल्या की जी एखादी जाते ती एकटी पडते. जायचं, पण गटानं जायचं.

पालखीच्या गर्दीत धक्काबुक्की होते, पण तिथं निदान माणसं तरी असतात. खरी भीती परतीच्या वाटेवर. शेवटची एसटी गेलेली, मळ्याकडचा रस्ता अंधारा. आणि त्रास देणारा दर वेळी अनोळखीच असतो असं नाही. "वहिनी, सोडतो की गाडीवर" म्हणणारा ओळखीचा असतो, पण प्यायलेला असतो. पाहुणा असला तरी त्याला नाही म्हणता येतं. "आमची गाडी ठरलीय" एवढं पुरे. म्हणून ती खरंच ठरवा. जीप किंवा टेम्पो ओळखीच्याचा घ्या, अर्धं भाडं आधी द्या, उरलेलं घरी पोचल्यावर.

चुकामूक झाली तर कुठं भेटायचं तेही ठरवा. "देवळापाशी" म्हणू नका, सगळं गाव तिथंच असतं. शाळेचं फाटक सांगा, दिव्याखालची जागा सांगा. जत्रेत मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही. बॅटरी जवळ ठेवा. लघवीला कुणीच एकटीनं जाऊ नये. दोघी जा, एकीनं बाहेर थांबायचं. खरं तर संडासाजवळ आणि वाटेवर दिवे लावणं हे यात्रा कमिटीचं काम आहे. ग्रामसंघानं जत्रेआधी कमिटीला आणि पोलीस पाटलांना लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी.

कुणी अंगचटीला आलं तर नुसतं "ए" म्हणू नका. "ओ निळा शर्ट, हात काढा!" असं मोठ्यानं ओरडा, म्हणजे लोकांच्या नजरा त्याच्याकडं वळतात. प्यायलेल्याशी वाद घालत बसू नका, उजेडात या, ११२ लावा. फोनला लॉक असला तरी हा नंबर लागतो.

अशी छेडछाड हा गुन्हाच आहे. वाईट हेतूनं अंगाला हात लावला तर १ ते ५ वर्षं कैद होऊ शकते (भारतीय न्याय संहिता, कलम ७४). १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यानुसार हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते. ती महिला पोलिसानं लिहून घ्यायची असते आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर पोक्सो कायदा लागतो. आणि एक विनंती: जिच्यावर प्रसंग आला तिला "तू गेलीसच कशाला" असं आपल्यापैकी कुणी विचारू नये.

काहीजणींना रस्त्यापेक्षा घराच्या दाराची भीती जास्त असते. उशीर झाला म्हणून मारहाण करणं हाही कौटुंबिक हिंसाचारच आहे, त्यासाठी २००५ चा कायदा आहे आणि १८१ ही हेल्पलाईन रात्रीही चालू असते. अशी मैत्रीण गटात असेल तर तिला फाट्यावर उतरवू नका. सगळ्याजणी तिच्या दारापर्यंत जा, सासूबाईंना हाक मारून प्रसाद द्या, आणि सकाळी तिला फोन करा.