मेजर सोडून उरलेले पेपर

पदवीला प्रवेश घेतला की घरचे विचारतात, ‘विषय कोणता?’ आपण अर्थशास्त्र नाहीतर रसायनशास्त्र सांगून मोकळे होतो. मग टाइमटेबल हाती येतं आणि त्यात ओई, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी अशी अक्षरं दिसतात. नव्या शैक्षणिक धोरणासाठी महाराष्ट्र शासनाने एप्रिल 2023 मध्ये काढलेल्या आराखड्यात पहिल्या सेमिस्टरच्या 22 क्रेडिटपैकी मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला, 6 होती. पुढे ही वाटणी बदलली, तरी हे किरकोळ वाटणारे पेपर सुटल्याशिवाय पदवी मिळत नाही.

आधी क्रेडिट समजून घेऊ. वर्गात साधारण 15 तास शिकवणं म्हणजे एक क्रेडिट. प्रात्यक्षिकाला 30 तास लागतात. तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिट हवीत.

आता आपल्या विद्यापीठाचा, आपल्याच प्रवेशवर्षाचा तक्ता मिळवा. वरच्या वर्गातल्या दादा-ताईंचा चालेलच असं नाही. प्रत्येक गटापुढे किती हवीत आणि किती झाली, ते वहीत लिहून ठेवा. एका गटात जास्तीची क्रेडिट झाली म्हणून दुसऱ्यातली तूट भरून निघत नाही.

एईसी म्हणजे भाषेचे पेपर, व्हीईसीत पर्यावरणासारखे विषय, आयकेएस म्हणजे भारतीय ज्ञानप्रणाली. यात निवडीला फारसा वाव नसतो. पण दोन क्रेडिटचा पेपर म्हणून शेवटच्या रात्रीवर ढकलला, की केटी लागते ती इथेच.

खरी गल्लत होते ओईत. ओई म्हणजे खुला निवड विषय. पण तो वाटतो तितका खुला नाही, कारण तो आपल्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. विद्यापीठ कायद्यात विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास अशा चार विद्याशाखा आहेत. इतिहास मेजर असलेल्याला मानसशास्त्र वेगळं वाटतं, पण दोन्ही मानव्यविद्येतच. त्यामुळे मानसशास्त्र त्याला ओई म्हणून चालत नाही. मायनर, म्हणजे दुय्यम विषय, म्हणून चालतं. मायनर आपल्या विद्याशाखेतला असू शकतो. हा फरक ऑफिसात नीट विचारून घ्या.

दुसरी अडचण जागांची. ओईच्या यादीत दहा विषय असले तरी कॉलेजात दोन-तीनच चालतात, आणि बरे वाटणारे लगेच भरतात. फॉर्म उघडेल त्याच दिवशी भरा, दोन पर्याय हाताशी ठेवा आणि मेजरच्या प्रात्यक्षिकाशी वेळ आदळत नाही ना, ते बघा. मैत्रिणीने घेतला म्हणून घेऊ नका. वाणिज्यवाल्याने एखादा विज्ञानाचा पेपर मनापासून घेतला तर मजा येते, असं माझं मत.

सीसीत एनएसएस, एनसीसी, खेळ, योग, कला येतात. एनएसएसला वर्षाला 120 तास काम असतं. नाव घातलं आणि फिरकलाच नाहीत, तर क्रेडिट मिळणार नाही. हजेरी वेळच्या वेळी नोंदवून घ्या.

ही सगळी क्रेडिट जमा होतात एबीसीत, म्हणजे क्रेडिटच्या सरकारी बँकेत. डिजिलॉकरवरून आयडी काढताना आधारवरचं नाव आणि कॉलेजच्या नोंदीतलं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. आडनाव आधी की नंतर, एवढ्यावरूनही अडतं. निकालानंतर खातं उघडून बघा. क्रेडिट दिसत नसेल, तर गुणपत्रकाची प्रत घेऊन त्याच सेमिस्टरमध्ये परीक्षा विभागात अर्ज द्या आणि पोच घ्या.