दुपारची वीज आणि सासूबाईंची वामकुक्षी

वीज स्वस्त केव्हा असते, असे काही वर्षांपूर्वी कुणी विचारले असते तर ‘रात्री’ हेच उत्तर मिळाले असते, आणि ते बरोबरही होते. कोळशावर चालणारे वीजकेंद्र घरच्या चुलीसारखे रात्री विझवून पहाटे पेटवता येत नाही. गाव झोपले तरी ते धगधगत ठेवावे लागते, आणि मग त्या वीजेला गिऱ्हाईक शोधावे लागते. ब्रिटनमध्ये तर १९७८ साली रात्रीच्या सात तासांसाठी घरगुती ग्राहकांना निराळा, स्वस्त दर देऊ केला गेला.

आता हे गणित उलटले आहे. आमच्या मध्य प्रदेशातलेच उदाहरण घ्या. रीवा येथील ७५० मेगावॉटचा सौर प्रकल्प २०२० साली राष्ट्राला अर्पण झाला. २०१७ च्या लिलावात त्याच्या वीजेचा पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैसे इतका खाली आला होता. अशा प्रकल्पांची वीज भर दुपारी ओसंडून वाहते आणि सूर्य मावळला की नाहीशी होते. नेमकी त्याच वेळी घरोघर दिवे, दूरदर्शन संच आणि स्वयंपाकघरे जागी होतात. म्हणून केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये नियमांत दुरुस्ती करून सौर तासांतील वीज नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के स्वस्त असावी, असे ठरविले.

त्यानुसार मध्य प्रदेशच्या २०२५-२६ च्या दरपत्रकात, ज्यांच्या घरी स्मार्ट मीटर बसले आहे आणि मंजूर भार १० किलोवॉटपर्यंत आहे, त्यांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळातील वापरावर २० टक्के सूट मिळाली. ही सूट बिलात ज्याला ‘ऊर्जा प्रभार’ म्हणतात त्यावरच असते. नियत प्रभार तसाच राहतो. महाराष्ट्रातही जुलै २०२५ पासून याच वेळेत स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकांसाठी सवलत सुरू झाली. बडोदे, बेळगाव, हैदराबादकडील भगिनींनी मात्र आपापल्या राज्याचे दरपत्रक पाहूनच वेळापत्रक आखावे.

वेळापत्रक! तो शब्द लिहिताना मला जरा संकोचच वाटतो. आमच्या इंदूरच्या घरी मीटर बदलले, तेव्हा मी उत्साहाने एक तक्ता करून स्वयंपाकघराच्या दारावर लावला होता. आधी कोणते उपकरण किती वीज खाते, त्याचा हिशेब मांडला. दोन हजार वॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट. हजार वॉटची इस्त्री तासभर तापली की तेवढेच. एक अश्वशक्तीची घरघंटी तासाला पाऊण युनिटच्या आसपास. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप तासाला सुमारे चार दशांश. मिक्सर दहा मिनिटे फिरतो. त्याची वेळ बदलून हाती काही लागत नाही. रेफ्रिजरेटर चोवीस तास चालू असल्यामुळे त्याच्या वाट्याची सवलत आपोआप मिळते. माळव्यातल्या उन्हाळ्यात कूलर दुपारीच लागतो, त्याचेही तसेच.

काही गोष्टी हलेनात. सकाळी सहाची आंघोळ सहालाच व्हायची. आदल्या दिवशी पाचच्या आत गीझर तापवून पाणी रात्रभर ठेवून पाहिले, पण ते पुन्हा तापवावे लागले आणि वाचलेले बहुतेक त्यात गेले. रात्रीचा भात चारलाच विजेच्या शेगडीवर शिजवण्याच्या माझ्या सूचनेवर सासूबाईंनी फक्त माझ्याकडे पाहिले. तो विषय तेथेच संपला.

पंपाचे मात्र छान जमले. नर्मदेचे पाणी आपल्या ठरल्या वेळी खालच्या हौदात येते. ते गच्चीवरच्या टाकीत केव्हा चढवायचे हे आपल्या हाती असते. कपडे धुणे, इस्त्री, दळण हेही दुपारी ढकलले. महिन्याला चाळीस युनिटे सरकली आणि दर युनिटला सहा रुपये धरला, तर बचत अठ्ठेचाळीस रुपयांची. वर्षाला पावणेसहाशेच्या वर. फार नव्हे, पण अगदीच टाकाऊही नव्हे.

महिना दीड महिना गेला. एके दिवशी कार्यालयातून लवकर परतले, तर सासूबाई धुलाई यंत्राजवळच्या स्टुलावर बसल्या बसल्या पेंगत होत्या. वय वर्षे ७४. मी नि हे सकाळी नऊला घर सोडतो ते सहाला परततो. माझ्या तक्त्यातला ‘दीड वाजता पंप, दोन वाजता यंत्र’ हा कार्यक्रम कोण पार पाडत होते, याचा विचार मी केलाच नव्हता. “आई, तुम्ही सांगायचे नाही का?” असे मी विचारले, तर म्हणाल्या, “अगं, तू एवढा हिशेब मांडलास. मी झोपून तुझे पैसे कशी बुडवू?”

त्या संध्याकाळी तक्ता खाली उतरला. सवलत आठ तासांची आहे. वामकुक्षीला दोन तास पुरतात, हे इतक्या उशिरा सुचावे! आता धुलाई यंत्र आम्ही निघताना भरून त्याच्या घड्याळावर दहाची वेळ लावून ठेवतो. पंपाला वेळेचे बटण आणि टाकी भरताच तो बंद करणारा तरंगता गोळा बसवून घेतला. इस्त्री आणि दळण रविवारी सकाळी नऊनंतर, इस्त्री ह्यांच्याकडे. गीझर आणि इस्त्री घरी कुणी जागे नसताना चालू ठेवायची नाही, हा नियम सवलतीच्याही वरचा.

याच निमित्ताने बिल नीट वाचले, तेव्हा ध्यानात आले की लहान कुटुंबाला याहून मोठा लाभ दुसरीकडेच आहे. आमच्या राज्यात अटल गृह ज्योती योजनेनुसार महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत राहिला, तर पहिली शंभर युनिटे शंभर रुपयांत पडतात. १५५ युनिटे जाळणाऱ्या घराने वेळ बदलण्याऐवजी सहा युनिटे कमी जाळली, तर दुपारच्या सवलतीच्या कितीतरी पट पैसे वाचतात. वेळ बदलल्याने युनिटे कमी होत नाहीत, ही गोष्ट विसरू नये. आम्ही काठावरच होतो. न्हाणीघरातला जुना पिवळा दिवा आणि बैठकीतला चाळीस वर्षांचा पंखा बदलला.

दुपारी दीड ते साडेतीन आमच्या घरी आता कोणतेही यंत्र लावले जात नाही. कूलर तेवढा चालतो, आणि तो सासूबाईंच्याच खोलीत.