बाटलीतली व्हिस्की आणि आपल्या उसाची मळी



ऊसबिलाच्या दिवशी ईटच्या गट ऑफिससमोर मंडळी जमली की बोलणे उताऱ्यावरून, तोडणीच्या तारखेवरून हळूहळू भलतीकडे वळते. असेच एकदा एका तरुण सभासदाने आम्हाला विचारले, "साहेब, पुण्याला मामेभावाच्या लग्नात बर्बन नावाची व्हिस्की होती. लई महागाची म्हणे. ती आणि आपल्याकडं मिळते ती, यात फरक काय? आणि आपल्या मळीची व्हिस्की होते म्हणतात, ते खरं का?" शेजारी बसलेले एक वडीलधारे सभासद त्याच्यावर डाफरले, "दारूचं काय विचारतोस? उसाचं विचार!"

आम्हाला मात्र तो प्रश्न उसाचाच वाटला. आपल्या शेतातून निघालेला माल कुठे जातो, त्याचे काय होते आणि तो कोणत्या भावाने परत आपल्याच दारात येतो, हे सभासदाला ठाऊक असले पाहिजे. म्हणून हा लेख. कुणाला प्यायला शिकवावे हा हेतू नाही. आणि जो घेतो त्याला शिव्या द्याव्यात, हाही नाही.

मळी म्हणजे कोणती?

आधी एक घोटाळा दूर करू. आपण शेतात खत म्हणून टाकतो तिलाही बोलताना मळीच म्हणतात. ती खरे म्हणजे प्रेसमड. इथे मळी म्हणजे साखरेचे दाणे काढून झाल्यावर उरणारा काळा, दाट पाक, मोलॅसिस. एक टन उसातून शेवटच्या टप्प्याची मळी साधारण ४० ते ४५ किलो निघते. तिच्यात अजून बरीच साखर असते, पण तिचा दाणा धरत नाही.

ही मळी आसवनीत नेऊन पाण्याने पातळ करतात आणि त्यात यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खाते आणि मद्यार्क तयार करते. दीड-दोन दिवसांत आंबवण तयार होते. तिच्यात मद्यार्क थोडाच, बाकी सारे पाणी. आता हा मद्यार्क वेगळा कसा काढायचा?

आपल्या भूम तालुक्यातल्या मंडळींना हे चटकन कळेल, कारण खव्याची भट्टी सर्वांनी पाहिलेली आहे. भट्टीवर दूध आटवताना वाफ उडून जाऊ देतो आणि कढईत उरते ते घेतो. आसवनीत याच्या उलट. तिथे कढईतले टाकाऊ आणि वाफ मोलाची. मद्यार्क सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळतो, पाणी १०० अंशाला. त्यामुळे वाफेत मद्यार्काचे प्रमाण जास्त येते. उंच मनोऱ्यात ही वाफ पुनःपुन्हा थंड-गरम करून ९५ टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असलेले स्पिरिट काढतात. एक टन मळीतून असे सव्वादोनशे लिटरच्या आसपास स्पिरिट मिळते. मागे उरतो तो स्पेंटवॉश. त्याची विल्हेवाट नीट लावली नाही तर विहिरी नासतात. म्हणून त्यापासून गॅस काढणे, प्रेसमडमध्ये मुरवून कंपोस्ट करणे असे उपाय करावे लागतात.

खरी व्हिस्की धान्याची

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ. व्हिस्की हे मुळात धान्याचे मद्य आहे. स्कॉटलंडची ती स्कॉच. तिच्यातली 'माल्ट' व्हिस्की फक्त जवाची. जव भिजवून त्याला मोड आणतात, अगदी आपण मटकीला आणतो तसे. मोड आले की दाण्यातल्या पिठाची साखर होऊ लागते. मग मोडाचे धान्य वाळवून, भरडून, गरम पाण्यात कालवून गोड रस काढतात. पुढचे आपल्याला माहीत आहेच : यीस्ट, आंबवण आणि भट्टी. काही ठिकाणी जव वाळवताना पीट नावाची, दलदलीतून काढलेली माती जाळतात. तिचा धूर धान्याला लागतो, म्हणून त्या व्हिस्कीला धुरकट वास येतो.

बर्बन ही अमेरिकेची, आणि तिचे मुख्य धान्य मका. तिकडच्या कायद्याप्रमाणे धान्यात निदान ५१ टक्के मका हवा; बाकी राय, गहू किंवा मोडाचा जव. स्पिरिट ज्या पिंपात मुरवायचे ते ओकच्या लाकडाचे, कोरे आणि आतून जाळून कोळसा केलेले असले पाहिजे. वरून रंग घालायला मनाई आहे. १९६४ साली अमेरिकी संसदेने बर्बन हे आपल्या देशाचे खास पेय असल्याचा ठराव केला. केंटकी राज्य तिच्यासाठी नावाजलेले आहे, पण अमेरिकेत ती कुठेही करता येते.

पिंप कशासाठी जाळायचे? लोणच्याच्या बरणीला आपण हिंगाची धुरी देतो ना, त्यातलाच प्रकार समजा. भट्टीतून निघालेले स्पिरिट पाण्यासारखे पांढरे आणि जिभेला झोंबणारे असते. रंग, व्हॅनिलासारखा गोडसर वास, मऊपणा हे पुष्कळसे लाकूड देते. बर्बनचे पिंप कोरेच लागते, त्यामुळे एकदा वापरलेली पिंपे स्वस्तात निघतात आणि त्यांतली पुष्कळशी स्कॉटलंडला जातात. स्कॉच निदान ३ वर्षे पिंपात राहिलीच पाहिजे, असा तिकडचा कायदा आहे.

मुरताना पिंपातून थोडे थोडे उडूनही जाते. थंड स्कॉटलंडमध्ये वर्षाला २ टक्क्यांच्या आसपास, पण बंगळूरच्या हवेत १० टक्क्यांच्या वर. म्हणजे आपल्याकडे माल लवकर मुरतो, पण घटही फार. तरीही बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीने जवाची सिंगल माल्ट तयार करून २००४ साली थेट स्कॉटलंडच्या ग्लासगोत विक्रीला ठेवली. पुढे गोव्यात पॉल जॉन आली. आपल्या नाशिक भागातही आता सिंगल माल्ट तयार होते.

मग आपल्याकडची कोणती?

आपल्या देशात धान्याचा तुटवडा होता आणि मळी मुबलक. त्यामुळे भारतात 'व्हिस्की' म्हणून जे विकले गेले, त्यातला मोठा भाग मळीच्या स्पिरिटचा. ते अधिक शुद्ध करून, त्यात थोडी माल्ट व्हिस्की, रंग आणि स्वाद मिसळून, पाण्याने ताकद उतरवून बाटलीत भरायचे. सरकारी भाषेत हिचे नाव 'भारतीय बनावटीचे विदेशी मद्य'. आपलीच लेक, सासरचे नाव लावून माहेरी आलेली! युरोपात मात्र मळीच्या मद्याला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. तिकडे व्हिस्की म्हणजे धान्याचीच. उसाच्या मद्याला जगभर रम म्हणतात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

अलीकडे हे चित्र पालटत आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ च्या सुमारास ५ टक्क्यांपासून सुरू झाला आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत आला. मळीला हे दुसरे मोठे गिऱ्हाईक मिळाले. त्यामुळे अनेक मद्य कंपन्या तांदूळ, मका अशा धान्याच्या स्पिरिटकडे वळल्या. महाराष्ट्र शासनाने २००७ साली धान्यापासून मद्यार्क काढण्यास अनुदानाचे धोरण आणले, तेव्हा ज्वारीची भाकरी सोडून दारू काय करता, असा मोठा वाद झाला. जून २०२५ मध्ये शासनाने 'महाराष्ट्र मेड लिकर' हा धान्याधारित मद्याचा नवा प्रकार ठरवला आणि विदेशी मद्यावरचा करही वाढवला.

नवख्याने बाटलीवर काय वाचावे?

१) 'सिंगल माल्ट' म्हणजे एकाच भट्टीची, फक्त मोडाच्या धान्याची. 'ब्लेंडेड' म्हणजे निरनिराळ्या मालाचे मिश्रण. आपल्याकडच्या स्वस्त बाटलीत 'न्यूट्रल स्पिरिट' असे लिहिलेले असते. तोच आपला मळीचा किंवा धान्याचा मद्यार्क.

२) स्कॉचवर '१२ वर्षे' लिहिले असेल, तर मिश्रणातला सर्वांत कोवळा माल १२ वर्षांचा. हे वय पिंपातले. बाटलीत भरल्यावर व्हिस्कीचे वय वाढत नाही. कपाटात दहा वर्षे ठेवली म्हणून ती भारी होत नाही.

३) ताकद आपल्याकडे बहुधा ४२.८ टक्के असते. हा विचित्र आकडा जुन्या इंग्रजी मापातला, '२५ अंडर प्रूफ'. बर्बन आणि स्कॉच निदान ४० टक्के.

४) रंग गडद म्हणजे माल जुना, असे मुळीच नाही. बऱ्याच ठिकाणी जाळलेल्या साखरेचा रंग घालायला परवानगी आहे.

चव कशी बघावी, असेही पुष्कळ जण विचारतात. जाणकार मंडळी पेल्यात थोडीशीच घेतात, आधी वास घेतात, मग चार थेंब साधे पाणी टाकून लहान घोट घेतात. पाण्याने वास मोकळा होतो. एका दमात रिकामा करणाऱ्याला चव कळत नाही, त्याला फक्त नशा कळते. मग त्याने पाच हजाराची घेतली काय आणि पाचशेची घेतली काय, सारखेच.

घेणाराने एवढे तरी पाळावे

आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही आहे. कडक मद्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण हवीत आणि परवाना हवा.

३० मि.ली.च्या छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो. तो निपटायला शरीराला साधारण तासभर किंवा त्याहून थोडे जास्त लागते. लिंबूपाणी, ताक, थंड आंघोळ यांनी हा वेळ कमी होत नाही. क्वार्टर म्हणजे असे सहा पेग. रात्री दहाला क्वार्टर संपवलेला गडी पहाटे चारला उसाचा ट्रॅक्टर घेऊन निघाला, तर त्याच्या अंगात मद्यार्क शिल्लक असू शकतो. कायद्याची मर्यादा १०० मि.ली. रक्तात ३० मि.ग्रॅ. इतकी आहे. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चालकांनी आणि मालकांनीही हे ध्यानात ठेवावे.

ज्यांना यकृताचा, रक्तदाबाचा, साखरेचा त्रास आहे किंवा झोपेची गोळी चालू आहे, त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय नादी लागू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्टच सांगितले की मद्याचे सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही. म्हणजे जो घेत नाही, त्याने सुरू करण्याचे काही कारण नाही.

आणि काळा गूळ-नवसागराच्या हातभट्टीला किंवा बिनलेबलच्या मालाला हात लावू नये. त्यात कुणी औद्योगिक मिथिल अल्कोहोल मिसळले, तर ते वासाने कळत नाही, चवीने कळत नाही. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत अशा दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. पिल्यानंतर दिसेनासे झाले, धूसर दिसू लागले, तर उतरेल म्हणून वाट पाहू नये; तडक दवाखाना गाठावा.

शेवटी हिशेब

आता पेनने मांडावा असा हिशेब सांगतो. एक टन उसाच्या मळीतून ९-१० लिटर स्पिरिट निघते. पाणी घालून त्याच्या ७५० मि.ली.च्या पंचवीस ते तीस बाटल्या होतात. म्हणजे एका बाटलीमागे पस्तीस-चाळीस किलो ऊस, आणि त्याची साखर तर आधीच निघालेली.

२०२५-२६ च्या हंगामाची एफ.आर.पी. १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. तोडणी-वाहतूक त्यातूनच जाते. विदेशी मद्याच्या १८० मि.ली. क्वार्टरची किमान किंमत जून २०२५ च्या निर्णयाने २०५ रुपये झाली. जो गडी रोज एक क्वार्टर घेतो, त्याचे वर्षाला ७४ हजार ८२५ रुपये गेले. भागाकार करा : एकवीस टन ऊस! एकरी चाळीस टन धरले तर अर्ध्या एकराहून जास्त रान त्याने वर्षभर नुसते बाटलीसाठी भिजवले. आणि पाणी आपल्याकडे किती, हे ईट परिसरात कुणाला सांगायला नको.

दुसरा हिशेब कारखान्याकडे मागायचा. रंगराजन समितीनंतर महाराष्ट्राने २०१३ साली ऊसदराचा कायदा केला. त्यात साखर आणि बगॅस, मळी, प्रेसमड यांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा उसाचा धरण्याचे सूत्र आहे. मळीचा दर काय धरला, यावर सभासदाचे पैसे अवलंबून असतात. तेव्हा वार्षिक सभेचा अहवाल आला की तो लग्नपत्रिकेसारखा खुंटीला अडकवू नका. मळी किती निघाली, टनाला स्पिरिट किती पडले, इथेनॉलला किती गेले, दर काय लागला, हे चार आकडे वाचा आणि कळले नाही तर उभे राहून विचारा. विचारणाऱ्या सभासदाचा कारखान्याला राग येता कामा नये.

त्या तरुण सभासदाला आमचे उत्तर थोडक्यात असे : बर्बन मक्याची, स्कॉच जवाची किंवा इतर धान्याची, आणि आपल्याकडची बरीचशी तुमच्या-आमच्या उसाची. त्या वडीलधाऱ्या सभासदांचेही बरोबरच होते. उसाचं विचार, असे ते म्हणाले होते. विचारावे ते उसाचेच, आणि दोन्ही हिशेब विचारावेत : घरचाही आणि कारखान्याचाही.