तिळाएवढा टवका, रुपयाएवढा गंज

ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलता बोलता जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे" आणि "अॅक्च्युअली" जरा कमी केलेत.

आजचा विषय गाडीवरचे ओरखडे आणि उडालेले टवके. सुरुवात आमच्याच घरापासून करतो.

आम्ही निफाडचे. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका चांगल्या द्राक्ष हंगामात गाडी घेतली. घरातली पहिली चारचाकी. एकदा पिंपळगावहून येताना पुढच्या डंपरमधून खडी उडाली आणि बोनेटवर टक्कन आवाज झाला. उतरून बघितलं तर तिळाएवढा टवका. मी म्हटलं, "जाऊ द्या नाना, दिसतही नाही." दोन पावसाळे गेले. मग गाडी विकायची ठरली, गिऱ्हाईक आलं. त्या माणसाने इंजिन ऐकायच्या आधी बोनेटवर नख दाबलं. रंगाचा फुगा फुटला आणि आत रुपयाएवढा गंज! पंधरा हजार तिथल्या तिथे उतरवले. नाना मला काहीच बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

रंग म्हणजे एक थर नाही

गाडीच्या पत्र्यावर सगळ्यात खाली गंजरोधक थर असतो. त्यावर प्रायमर, त्यावर आपल्याला दिसतो तो रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन. झेरॉक्सचा एक कागद साधारण १०० मायक्रॉनचा असतो. म्हणजे आपली लाखोंची गाडी आणि पाऊस यांच्या मध्ये कागद-दीड कागद! त्यातही क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. चकाकी त्याचीच, उन्हापासून रंग वाचवतो तोही तोच.

टवका पत्र्यापर्यंत गेला की लोखंडाला पाणी आणि हवा मिळते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो बाजूचा रंग आतून उचलतो. उचललेल्या रंगाखाली नवं पाणी शिरतं, पुन्हा गंज. वरून सगळं ठीक दिसतं, आतून पसरत जातं. आमच्या बोनेटचं हेच झालं.

आधी ओरखडा ओळखा

जागा धुऊन पुसा आणि त्यावर पाण्याचं बोट फिरवा. ओला असताना ओरखडा गायब होतो आणि वाळल्यावर परत दिसतो? मग तो क्लिअर कोटपुरता आहे. आता नख आडवं फिरवा. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे. आत राखाडी दिसला तर प्रायमरपर्यंत, चकचकीत किंवा तांबूस दिसला तर थेट पत्रा.

प्लास्टिकच्या बंपरला मात्र गंज लागत नाही. तिथे घाई नाही. पत्र्यावरच्या टवक्याला मात्र आजचं उद्यावर नको.

वरवरचा ओरखडा

आमच्याकडे असे ओरखडे कशाने पडतात? द्राक्षाचे कॅरेट डिकीत सरकवताना, उसाच्या ट्रॉलीशेजारून गाडी काढताना, आणि धुळीने भरलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसताना. हा शेवटचा प्रकार सगळ्यात जास्त. बागेजवळ उभ्या गाडीवर बोर्डोची फवारणी उडाली, तर निळसर-पांढरे ठिपके कोरडे घासू नका. मोरचूद आणि चुन्याचे कण असतात ते. लवकरात लवकर भरपूर पाण्याने धुवा.

ओरखड्यासाठी गाडी सावलीत लावा आणि शाम्पूने धुवा. मायक्रोफायबरच्या कापडावर थोडंसं रबिंग कंपाउंड घ्या आणि तेवढ्याच जागेवर हलक्या हाताने घासा. थांबा, पुसा, बघा. मग पॉलिश, मग वॅक्स.

लक्षात ठेवा, कंपाउंड ओरखडा भरत नाही. ते आजूबाजूचा क्लिअर कोट झिजवून ओरखड्याच्या पातळीला आणतं. मी हे विसरलो आणि डाव्या दाराच्या कडेवर जोर लावून घासत बसलो. कडांवर रंग मुळातच पातळ असतो. दहा मिनिटांत आतला राखाडी प्रायमर दिसायला लागला. ओरखडा होता केसाएवढा, मी करून ठेवला बोटाएवढा!

टवका भरायचा कसा

पहिलं काम रंगाचा कोड शोधणं. दाराच्या खांबावर किंवा बोनेटखाली स्टिकर वा पट्टी असते, नाहीतर सर्व्हिस सेंटरला विचारा. "पांढरा द्या" म्हणून चालत नाही, पांढऱ्यातही दहा पांढरे असतात. त्या कोडची टच-अपची छोटी बाटली काही शेकड्यांत मिळते.

मग असं करा:

१. जागा धुऊन वाळवा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, म्हणजे वॅक्स आणि तेलकटपणा निघेल. हार्डवेअरच्या दुकानातलं थिनर नको, ते चांगल्या रंगालाही मऊ करतं.

२. गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरची छोटी गुंडाळी करून तेवढाच भाग खरवडा, चकचकीत धातू दिसेपर्यंत. गंजावर रंग लावणं म्हणजे घाणीवर शेणसडा. वरून छान, आत तेच.

३. उघड्या पत्र्यावर आधी प्रायमरचा ठिपका. तो पूर्ण वाळू द्या.

४. बाटली दोन-तीन मिनिटं नीट हलवा. मेटॅलिक रंगात चमकीचे कण तळाशी बसतात. बाटलीतला ब्रश बाजूला ठेवा आणि टूथपिकच्या टोकाने रंगाचा थेंब फक्त खड्ड्यात सोडा. एक जाड थर नको, तीन-चार पातळ थर. प्रत्येक थर वाळू द्या, निदान अर्धा-एक तास.

५. दुसऱ्या दिवशी वरून क्लिअरचा थेंब.

६. आठवडाभर गाडी घासून धुऊ नका आणि वॅक्स महिनाभर लांब ठेवा. उंचवटा राहिलाच तर २००० किंवा त्याहून बारीक वॉटर पेपर भरपूर पाण्यासोबत, अगदी हलक्या हाताने.

हे सगळं मोकळ्या हवेत, मास्क लावून. जवळ गॅस, उदबत्ती, सिगारेट काही नको.

निफाडच्या हवेचा हिशेब

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडचा पारा बातमीत असतो. पाच अंशांखाली गेला की टीव्हीवर पहिलं नाव निफाडचं. अशा सकाळी पत्र्यावर दव असतं. त्यावर लावलेला रंग धरत नाही आणि थंडीत वाळायलाही फार वेळ घेतो. उलट मे महिन्यात उन्हातलं बोनेट तव्यासारखं तापतं. रंग पसरायच्या आधीच सुकतो आणि फोड येतात. हिवाळ्यात दुपारी बारा ते तीन, उन्हाळ्यात सकाळी सावलीत, हे आमचं गणित. पावसाळ्यात टवका उडालाच तर निदान पारदर्शक टेप लावून ठेवा आणि कोरडा दिवस बघून काम करा.

टूथपेस्ट, नेलपेंट आणि क्लेम

टूथपेस्टचे रील सगळ्यांनी पाहिलेत. तिच्यात बारीक घासणारे कण असतात, त्यामुळे अगदी हलके ओरखडे कमी दिसतात, खोल ओरखड्याला काही होत नाही. नेलपेंट पाणी थोडे दिवस अडवेल, पण रंग जुळत नाही आणि उन्हात टिकत नाही.

इन्शुरन्स क्लेमही जपून करा. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममधले १००० रुपये सक्तीने आपल्याच खिशातून जातात. शिवाय नो क्लेम बोनस जातो. तो पहिल्या वर्षी २० टक्के असतो आणि पाच वर्षं क्लेम न केल्यास ५० टक्क्यांपर्यंत चढतो. तिळाएवढ्या टवक्यासाठी तो घालवू नका.

पत्रा दबला असेल, गंजाने भोक पडलं असेल किंवा मेटॅलिक रंगावर हातभर ओरखडा असेल, तर सरळ डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जा. त्यात कमीपणा नाही. मी खराब केलेलं ते दार शेवटी पेंटरनेच केलं. पैसे माझे गेले, हे सांगायला नको.

बोनेट मात्र मी आणि नानांनी मिळून केलं. मी खरवडत होतो, तर नाना म्हणाले, "अरे, घाई करू नको. कलम बांधतो तसं बघ. जखम स्वच्छ असली तरच धरतं." टूथपिक त्यांनीच हातात घेतली. चार पातळ थर, मध्ये मध्ये चहा. जवळून बघितलं तर डाग दिसतो, अगदी फॅक्टरीसारखं झालेलं नाही. पण एक पावसाळा गेला आणि फुगा आलेला नाही.

गाडी आम्ही विकली नाही. आता धाकटी बहीण तिच्यावर शिकतेय. परवाच गेटला घासून आली आणि घाबरत म्हणाली, "दादा, जाऊ दे ना, दिसत नाही."

मी पाण्याचं बोट फिरवलं. ओरखडा गायब झाला. नशीब!

आज घरी गेलात की एक काम करा. मोबाइलचा टॉर्च लावून बोनेटची पुढची कड बघा. टवका सापडला तर त्याचा फोटो काढून ठेवा आणि येत्या कोरड्या रविवारी कामाला लागा. भेटू पुढच्या भागात!